‘गोळ्या आजच बंद करा’ म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

रेशीमबागवाली
काल आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरला. सार असं: डिप्रेशनच्या गोळ्या म्हणजे जन्माची गुलामी, चीनमध्ये दोन हजार वर्षं सुया (म्हणजे अॅक्युपंक्चर) आणि जडीबुटीने मन बरं करतात, गोळ्या आजच बंद करा, दहा सिटिंगमध्ये माणूस उभा राहतो. खाली १७ जणांनी हात जोडले होते. मी उत्तर लिहायला बसले, ते तिथे मावेना, म्हणून इथे टाकतेय.

माझा धाकटा भाऊ ३८ वर्षांचा आहे. मागच्या उन्हाळ्यात असाच मेसेज वाचून त्याने एसिटालोप्रॅम ही डिप्रेशनची गोळी एका दिवसात सोडली आणि सुयांना जायला लागला. चौथ्या दिवसापासून चक्कर, डोक्यात करंट लागल्यासारखे झटके, रात्रभर टक्क जागा. सुया टोचणारा म्हणाला, विष बाहेर पडतंय, चांगली खूण आहे. विषबिष काही नव्हतं, गोळी एकदम तोडल्याचा त्रास होता. दोन महिन्यांनी भाऊ दुकानाचं शटर उघडेनासा झाला. आईने कित्येक रात्री त्याच्या खोलीच्या उंबऱ्यात बसून काढल्या.

सुयांशी माझं वैर नाही. ‘गोळ्या आजच बंद करा’ या चार शब्दांशी आहे.

शंकरनगर_ताई
तुमच्या भावाचं वाचून वाईट वाटलं. पण एका अडाणी माणसामुळे सगळी पद्धत वाईट ठरवू नका. हे गेल्यावर दोन वर्षं मी डॉक्टरांकडे जात होते. झोप? भूक? वाईट विचार? तीन प्रश्न, चिठ्ठी, पुढचा पेशंट. चार मिनिटं, घड्याळ लावून बघितलंय. गोळीने रडणं थांबलं, हे मान्य. पण हसणंही थांबलं होतं.

मग मैत्रिणीने अॅक्युपंक्चरला नेलं. टाळूच्या मधोमध, भुवयांच्या मध्ये, मनगटाच्या आतल्या बाजूला, पायाच्या अंगठ्याजवळ अशा सुया. चाळीस मिनिटं पडून राहायचं. त्याआधी बाईंनी सगळं विचारलं. ‘जेवता कुणासोबत?’ हा प्रश्न मला त्याआधी कुणीही केला नव्हता. त्या दुपारी मी घरी येऊन तीन तास झोपले. माझ्यासाठी पुरावा हाच.

रेसिडेंट_विदर्भ
ताई, तुमचा अनुभव खोटा नाही, पण तो पुरावाही नाही. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात ६४ चाचण्या, ७१०४ रुग्ण धरले होते. काहीच उपचार न घेणाऱ्यांपेक्षा सुया घेणाऱ्यांना बरं वाटलं. पण ज्यांना खोट्या सुया लावल्या, म्हणजे टोचल्याचं नुसतं नाटक केलं, त्यांच्याशी तुलना केल्यावर फरक छोटा उरला. शिवाय बहुतेक चाचण्यांचा दर्जा कमी किंवा फारच कमी. ‘गोळीऐवजी सुई’ असं त्यावरून कुणालाही म्हणता येत नाही.

इतवारीवाला
मले एक सांगा, चीनच्याच मागे काहून लागून राहिले सगळे? आपल्याकडे अश्वगंधा आहे, ब्राह्मी आहे, शंखपुष्पी आहे. माझं जडीबुटीचं दुकान आहे, बापाच्या काळापासून. सीमेवर आपली पोरं मरतात अन् इथे लोकं चिनी पुड्या ऑनलाइन मागवतात. आधी ते बंद करा ना बाप्पा, मग डिप्रेशनचं बोला.

रेशीमबागवाली
भाऊ, माझा प्रश्न सीमेचा नव्हता. पण काढलाच आहे तर ऐका. १९३८ साली जखमी चिनी सैनिकांसाठी पाच भारतीय डॉक्टर गेले, त्यात सोलापूरचे कोटणीस होते हे सगळे सांगतात, आपल्या नागपूरचे डॉ. चोळकर होते हे नागपुरातही कुणी सांगत नाही. त्याच पाचांतले कोलकात्याचे डॉ. बासू पुढे चीनमध्ये अॅक्युपंक्चर शिकून आले आणि त्यांनी ते इथे रुजवलं. म्हणजे सुया चोरवाटेने आल्या नाहीत, आपल्याच डॉक्टरने आणल्या. २०१९ मध्ये केंद्राने त्या पद्धतीला मान्यताही दिली.

आणि उदासीवर तिकडे सर्रास देतात ते ‘श्याओ याओ सान’, सोंग राजवटीच्या काळातल्या ग्रंथातलं. त्यात ज्येष्ठमध आहे, आलं आहे, पुदिना आहे. तुमच्या दुकानात यातलं निम्मं सापडेल.

इतवारीवाला
चोळकरांचं माहीत नव्हतं. ते मानलं. बाकी नाही.

रेसिडेंट_विदर्भ
मला त्या चार मिनिटांवर बोलायचंय, कारण ते मनाला लागलं. आमच्या ओपीडीत एका सकाळी शंभरावर पेशंट असतात. गडचिरोलीकडून रात्रीची बस धरून आलेला माणूस दुपारी परत निघतो. त्याला चाळीस मिनिटं दिली तर बाहेरच्या बाकावरचे नव्वद जण तसेच घरी जातील. सुयांच्या क्लिनिकला दिवसात दहा जण येतात, तेही पैसे मोजून. आमच्या निबरपणाची कहाणी सांगण्याआधी एकदा त्या बाकावर बसून बघा.

शंकरनगर_ताई
बसले आहे, दोन वर्षं. आणि मी खाजगी दवाखान्यात जात होते, फी भरून. तिथेही चारच मिनिटं. त्याचं कारण सांगा.

रेसिडेंट_विदर्भ
त्याचं समर्थन नाही करणार.

शंकरनगर_ताई
मग ‘पुरावा नाही’ म्हणून मला गप्प कशाला करता? बरं वाटायला माणूस जिथे विचारपूस होते तिथेच जाणार.

रेसिडेंट_विदर्भ
गप्प करत नाही. उलट तुमच्याच बाजूचं एक सांगतो, नाइलाजाने. २०१३ मध्ये इंग्लंडमधली ७५५ रुग्णांची एक चाचणी प्रसिद्ध झाली. नेहमीच्या उपचारांसोबत काहींना सुया, काहींना समुपदेशन, काहींना जादा काहीच नाही. तीन महिन्यांनी सुयावाले आणि समुपदेशनवाले दोघंही तिसऱ्या गटापेक्षा बरे होते, आणि त्या दोघांत म्हणावा असा फरक नव्हता. खोट्या सुयांचा गट त्यात नव्हता, त्यामुळे सुईने किती केलं आणि जवळ बसून ऐकणाऱ्याने किती, हे वेगळं काढता येत नाही. मला विचाराल तर ऐकण्याचा वाटा मोठा असावा. पण ध्यानात घ्या, गोळ्या घेणाऱ्यांच्या गोळ्या त्यासाठी कुणी सोडवल्या नव्हत्या.

सक्करदरा_८२
वेळेचं सोडा, लोक मुळात जातच नाहीत. आमच्याकडे अजून ‘पागलखाना चौक’ म्हणूनच ऑटोवाल्याला पत्ता सांगतात. माझ्या काकाने नऊ वर्षं छातीत धडधड, अंगात कणकण, गॅस असंच सांगितलं. ईसीजी झाले, एंडोस्कोपी झाली. मन शब्द त्याच्या तोंडून एकदा नाही निघाला. घरात लग्नाची पोरगी होती ना. सुयांच्या दवाखान्यात मात्र गुडघ्याचं नाव सांगून जाता येतं.

रेसिडेंट_विदर्भ
चीनमध्येही हेच होतं. आर्थर क्लाइनमन या मनोविकारतज्ज्ञाने हुनानमध्ये ‘मज्जातंतूंचा अशक्तपणा’ असं निदान झालेले १०० जण तपासले, १९८२ मध्ये निष्कर्ष छापले. त्यातले ८७ जण डिप्रेशनच्या निकषात बसले. तेही डोकेदुखी, थकवा, झोप नाही असंच सांगत होते. यकृतातली ‘छी’, म्हणजे चिनी वैद्यकातली जीवनशक्ती, तुंबली म्हटलं की घरात कुणाची मान खाली जात नाही. ती भाषा लोकांना जवळची वाटते, हे मला पटतं. भीती सुयांची नाही, पुड्यांची आहे. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रसेल्समध्ये वजन कमी करायच्या चिनी मिश्रणात एका वनस्पतीऐवजी दुसरीच गेली. शंभरावर बायकांच्या किडन्या खराब झाल्या.

इतवारीवाला
डॉक्टरसाहेब, एक विचारू? चिडू नका. घरच्या मंडळी चार महिन्यांपासून एक पुडी घेऊन राहिल्या. चिनी नाही, मीच बांधून देतो. मन रमत नाही म्हणतात, म्हणून. ज्येष्ठमध भरपूर आहे त्यात. बीपीची गोळीपण चालू आहे. ह्या महिन्यात बीपी वर आलं अन् पायावर सूज आहे.

रेसिडेंट_विदर्भ
पुडी आज थांबवा. जास्त दिवस ज्येष्ठमध घेतला की बीपी चढतं, पोटॅशियम उतरतं. बीपीची गोळी मात्र बंद करायची नाही. उद्या सकाळीच डॉक्टरकडे न्या, पुडी सोबत न्या, रक्तातलं पोटॅशियम तपासायला सांगा. आणि मन रमत नाही हे त्यांनाच सांगू द्या, तुम्ही मध्ये बोलू नका. रात्री-बेरात्री जास्त वाटलं तर टेलि-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

इतवारीवाला
नेतो.

रेशीमबागवाली
ताई, तुम्हाला एक सांगायचं राहिलं. भाऊ महिनाभरापासून पुन्हा सुयांना जातोय, दुसरीकडे. रात्रीची गोळी चालू आहे, डॉक्टरांना माहीत आहे. त्याला बरं वाटतं म्हणतो. मी हे पहिल्या पोस्टमध्ये लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तो मेसेजवाला जिंकला असं मला वाटलं असतं.

शंकरनगर_ताई
जेवतो कुणासोबत तो?

रेशीमबागवाली
दुकानात. एकटाच. डबा आई पाठवते.