मिसिसिपीच्या खेड्यातलं संगीत: उत्सवाची सूत्रं कुणाकडे हवीत?

रानवारा
अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्याच्या उत्तरेला सेनाटोबिया गावाजवळ ग्रॅव्हल स्प्रिंग्ज नावाची वस्ती आहे. तिथले कृष्णवर्णीय शेतकरी ओथा टर्नर उन्हाळा सरताना अंगणात बोकड कापायचे, शेजाऱ्यापाजाऱ्यांना जेवायला बोलवायचे आणि पावा वाजवायचे. पावा घरचाच. वेळू तोडायचा, तापल्या सळईने भोकं पाडायची. सोबतीला ढोल. गुलामांच्या ढोलांचा मालकांना धाक वाटे. दक्षिण कॅरोलायनात १७३९ च्या बंडानंतर १७४० मध्ये कायद्यानेच त्यावर बंदी आली. पुढे पलटणीतला पावा आणि ढोल हाती आले, तेव्हा कृष्णवर्णीयांनी त्यात स्वतःचा ताल भरला. २००३ मध्ये ओथा वारले आणि नात शार्डे थॉमस हिने पावा पुढे चालवला.

कृष्णवर्णीयांच्या संगीताचा खेड्यातला उत्सव असाच असावा असं मला मनापासून वाटतं. प्रायोजक आले, बसगाड्या भरून पर्यटक आले, की घरचे लोक आपल्याच अंगणात पाहुणे होतात.

मेम्फिसकर
रानवारा, भावना कळते, पण मत पटत नाही. मी राहतो तिथून मिसिसिपीतलं क्लार्क्सडेल गाव दीड तासावर आहे. १९४४ मध्ये त्या गावाजवळच्या हॉप्सन मळ्यावर कापसाचं अख्खं पीक यंत्रांनी काढलं. हळूहळू बटईने राबणाऱ्यांची गरजच संपली. तिथल्याच मळ्यावर राबणारे गायक-गिटारवादक मडी वॉटर्स तर त्याच्या आदल्याच वर्षी शिकागोला गेले होते. आज गावात १५ हजारांहूनही कमी माणसं आहेत, बहुसंख्य कृष्णवर्णीय, आणि रोजगार फार थोडा.

याच गावात १९७९ मध्ये ब्लूजचं, म्हणजे इथल्या कृष्णवर्णीयांच्या गाण्याचं, डेल्टा ब्लूज म्युझियम उभं राहिलं. २००४ पासून दर एप्रिलमध्ये ज्यूक जॉइंट फेस्टिव्हल होतो. बाहेरचा श्रोता आला तर वादकाला बिदागी मिळते. शिवाय म्युझियम मुलांना वाद्यं शिकवतं. तिथेच शिकलेला क्रिस्टोन 'किंगफिश' इनग्रॅम २०२२ मध्ये ग्रॅमी घेऊन आला. तुमच्या अंगणातल्या जेवणाने कुठल्या पोराच्या हाती गिटार पडणार?

जुनी वही
पैसा येतो हे खरं. तो थांबतो कुणाकडे, ते सांगा. आणि श्रेय?

१९४१ मध्ये क्लार्क्सडेलजवळच्या स्टोव्हॉल मळ्यावर मडी वॉटर्स यांचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं. जगाला त्यातले लोकगीतांचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स ठाऊक आहेत. फिस्क विद्यापीठाचे जॉन वर्क हे कृष्णवर्णीय संगीतज्ञ त्या कामात बरोबरीने होते, पण त्यांचं लिखाण कित्येक दशकं बाजूला पडलं आणि २००५ मध्ये छापून आलं. मडी वॉटर्स यांची राहती लाकडी खोली मळ्यावरून उचलली, देशभर फिरवली आणि मग म्युझियममध्ये आणून ठेवली. तिच्या एका फळीची गिटारही बनली. ती गिटार म्युझियमसाठी निधी जमवायला वापरली, हे मान्य. तरी एका मजुराच्या घराच्या लाकडाचं काय करायचं हे ठरवणारे कोण होते, असं मी विचारणारच.

भीमथडी
तुम्हा तिघांच्याही बोलण्यात मिसिसिपीतलंच ग्रीनव्हिल आलं नाही, म्हणून लिहितोय. नागरी हक्कांच्या चळवळीतून १९६७ मध्ये 'मिसिसिपी अ‍ॅक्शन फॉर कम्युनिटी एज्युकेशन' ही संस्था निघाली. तिने १९७८ मध्ये ग्रीनव्हिलजवळच्या फ्रीडम व्हिलेज या खेड्यात ब्लूज महोत्सव सुरू केला. मंच काय, तर ट्रकच्या ट्रेलरची फळी. आमंत्रण कृष्णवर्णीयांच्या संस्थेचं, हिशेबाची वहीही तिच्याचकडे. बाहेरचे आले ते पाहुणे म्हणून आले.

१९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेचं नाव घेऊन. संघटना असेल तरच कला आपली राहते, हे आंबेडकरी जलशांमुळे आपल्याला नव्याने शिकायची गरज नाही. मेम्फिसकर, पर्यटक येऊ देत, पण गल्ला कुणापाशी आहे ते आधी बघा.

मेम्फिसकर
भीमथडी, ग्रीनव्हिलचा दाखला मोलाचा आहे. पण संस्था चालवायलाही पैसा लागतो, आणि तो चार घरांच्या वस्तीतून उभा राहत नाही. प्रत्येक खेड्याने आधी संस्था काढावी असं म्हणाल, तर तोवर म्हातारे वादक उरणार नाहीत.

रानवारा
मेम्फिसकर, माझा हट्ट फक्त पैशापुरता नाही. पावावाला उभ्या जागी वाजवत नाही. तो अंगणभर चालतो, ढोलवाले त्याच्या मागे, आणि माणसं त्या ढोलांना वेढून नाचतात. कोण वाजवतंय आणि कोण नाचतंय हे वेगळं काढताच येत नाही. त्याच लोकांना उंच मंचावर चढवलं, समोर खुर्च्या मांडल्या, तर सूर तोच राहील, पण ढोलाभोवतीचं रिंगण उरणार नाही. म्हणून बिदागी जरूर द्या, नातवंडांना शिकवायला पैसे द्या. मंच मात्र बांधू नका, आणि यंदा किती पाहुणे बोलवायचे हे त्या घराला ठरवू द्या.

मेम्फिसकर
मंचाचा मुद्दा मान्य. पाहुण्यांच्या संख्येचा नाही. शेतावर दोनशे माणसं मावत असतील, तर वीसच का बोलवायची? बिदागी त्या दोनशे जणांच्याच खिशातून येणार आहे.