सोसायटी ग्रुप: ६०४ च्या पिकअपची थरथर

*शनिवार*

*बी-६०४, सकाळी ९:१२*
सर्वांना नमस्कार. आज विषय पार्किंगचा नाही, गाडीचा आहे. नवा पिकअप, २,३०० किमी झाले. ताशी ९० किमीपर्यंत गाडी शांत असते. ९५ ला थरथर सुरू होते, १०५ ला कळस, ११५ च्या पुढे पुन्हा कमी. तीनदा चाकांचं बॅलन्सिंग (वजन सगळीकडे सारखं करणं) झालं, मशीन दर वेळी शून्य दाखवतं. सर्व्हिस सेंटरचं उत्तर ठरलेलं: "पिकअप आहे, एवढं असायचंच." वैताग आलाय. ४०२ चे काका आणि १०१ च्या ताई, तुम्ही बघाल का?

*ए-१०४, ९:१४*
अलाइनमेंट करून घ्या. 👍

*बी-२०३ काकू, ९:१५*
पार्किंगचा विषय कसा नाही? तुमच्या गाडीचा मागचा भाग दोन फूट पॅसेजमध्ये येतो. मागच्या महिन्यातही लिहिलं होतं. तेव्हा उत्तर आलं नाही.

*सेक्रेटरी, ९:१७*
काकू, तो मुद्दा मीटिंगच्या अजेंड्यावर घेतलाय. कृपया विषयावर राहूया. 🙏

*ए-४०२ काका, ९:२६*
६०४, आधी तीन गोष्टी सांग.
१) थरथर स्टिअरिंगला आहे की सीटला? स्टिअरिंगला असेल तर बहुधा पुढची चाकं, सीटला आणि फ्लोअरला असेल तर मागची चाकं किंवा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून मागच्या अ‍ॅक्सलला फिरवणारा दांडा).
२) ब्रेक दाबल्यावरच येते का? तसं असेल तर ब्रेक डिस्क बघायची, टायरचा विषयच नाही.
३) १०५ ला न्यूट्रल केल्यावर राहते की जाते? सरळ, मोकळ्या रस्त्यावर, मागे वाहन नसताना, इंजिन चालू ठेवूनच करायचं. चावी फिरवून बंद करू नकोस, स्टिअरिंग आणि ब्रेकची मदत जाते.
न्यूट्रलला राहिली तर इंजिन, क्लच, टॉर्क कन्व्हर्टर जवळपास बाद. गेली तर शाफ्टचे क्रॉस (सांधे) आणि अँगल, इंजिन माउंटिंग, एक्झॉस्ट तपासायचे.

*ए-१०४, ९:२८*
अलाइनमेंट बिघडली की हेच होतं.

*सी-१०१ ताई, ९:३३*
नाही, १०४. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन. ते बिघडले की गाडी एका बाजूला ओढते, टायर तिरका झिजतो, स्टिअरिंग वाकडं राहतं. ठरावीक वेगाला सुरू होऊन पुढे कमी होणारी थरथर अलाइनमेंटची नसते. काहीतरी गोल फिरणारं गोल नाहीये, नाहीतर मध्यावर बसलेलं नाहीये. चाकांचे कोन (कॅम्बर-टो) मोजून ते सापडणार नाही.

*बी-६०४, ९:४१*
काका, कालच करून पाहिलं. न्यूट्रलला तशीच राहते. स्टिअरिंगला नगण्य, सीट आणि मागची काच दोन्हीला जोरात. ब्रेकचा संबंध नाही. आणखी एक, थरथर सलग नसते. दहा-पंधरा सेकंद वाढते, मग विरते, पुन्हा वाढते. लांब वळणानंतर कधी एकदम वाढते, कधी नाहीशी होते.

*ए-४०२ काका, ९:४४*
सीटला आणि मागे. मला शाफ्टचाच संशय. दोन तुकड्यांचा शाफ्ट आहे ना? सेंटर बेअरिंगचं रबर बघायला सांग. शाफ्टवर वेल्डिंगचा चौकोनी डाग दिसतोय पण पट्टी नाही, असं असेल तर बॅलन्सचं वजन पडलंय. गाडीच्या तळाला गंजरोधक अंडरकोटिंग मारताना शाफ्टवर उडालं असेल तरी बॅलन्स जातो, नव्या गाड्यांत हे होतं.

*सी-१०१ ताई, ९:५२*
काका, वळणाची खूण चाकांकडे बोट दाखवते. डावं आणि उजवं चाक दोन्ही थोडं खराब असलं की त्यांचे हादरे कधी एकत्र येतात, कधी एकमेकांना रद्द करतात. वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरतं आणि दोघांचा मेळ बदलतो. शाफ्ट एकच आहे, त्याचा हादरा वळणाने असा येणार-जाणार नाही.
पण अंदाजावर भांडण्यापेक्षा मोजूया. ६०४, टायरचा साइज आणि डिफरन्शियलचं (मागच्या अ‍ॅक्सलमधल्या गिअरचं) गुणोत्तर द्या.

*बी-६०४, ९:५५*
२६५/६५ आर १७. गुणोत्तर ३.९.

*सी-१०१ ताई, १०:०८*
रिमचा व्यास ४३२ मिमी. त्यात टायरची भिंत दोन्ही बाजूंना १७२ मिमी, म्हणजे एकूण साधारण ७७६ मिमी व्यास, परीघ २.४४ मीटर. १०५ किमी वेगाला गाडी सेकंदाला २९.२ मीटर जाते. म्हणजे चाक सेकंदाला १२ वेळा फिरतं. शाफ्ट त्याच्या ३.९ पट, म्हणजे जवळपास ४७ वेळा. शाफ्टच्या क्रॉसचा हादरा फेरीला दोन, म्हणजे ९३. इंजिन २,१०० आरपीएमला असेल तर ३५.
आता फोनमध्ये अ‍ॅक्सेलरोमीटरचा (हादरे मोजणाऱ्या सेन्सरचा) स्पेक्ट्रम, म्हणजे सेकंदाला किती वेळा हादरा येतो त्याचा आलेख, दाखवणारं कुठलंही अ‍ॅप टाका. फोन ड्रायव्हर सीटच्या रेलवर दुहेरी चिकटपट्टीने घट्ट बसवा, खिशात किंवा डॅशबोर्डवर नको. १०५ वर क्रूझ कंट्रोल लावून ३० सेकंद रेकॉर्ड करा. दुसऱ्या कोणाला तरी फोन सांभाळायला बसवा.
१२ ला उंच शिखर: चाक. २४ ला: टायर अंडाकृती. ४७ ला: शाफ्ट किंवा डिफरन्शियलचा फ्लँज (शाफ्ट जोडतो ती चकती). सेन्सर सेकंदाला १०० वेळा मोजत असेल तर ५० च्या वरचं खरं दिसत नाही, म्हणून ९३ शोधू नका.

*ए-१०४, १०:१०*
इतकं कशाला, एकदा अलाइनमेंट आणि रोटेशन करा, सुटेल.

*बी-२०३ काकू, १०:११*
मागे पंपाची थरथर होती तेव्हाही सहा महिने "एकदा बघू" चाललं होतं. आमच्या भिंतीला तडा गेला तेव्हा फाउंडेशनचे बोल्ट घट्ट केले.

*सेक्रेटरी, १०:१३*
काकू, पंपाखाली रबर पॅड बसवून एक वर्ष झालं. कृपया जुनं उकरू नका.

*बी-२०३ काकू, १०:१४*
पॅड बसवल्यावर थांबलं, हेच म्हणतेय. आधी का नाही बसवलं?

*बी-६०४, दुपारी २:४०*
ताई, रेकॉर्ड केलं. १२ ला मोठं शिखर, २४ ला छोटं, ४७ ला जवळपास काहीच नाही.

*ए-४०२ काका, २:४६*
ठीक आहे, शाफ्ट सोडला. चाकावर या. पण मशीन शून्य दाखवतंय तरी का थरथरतं, हे सर्व्हिस सेंटरला समजत नाहीये, ते सांगतो.
बॅलन्सिंग मशीनवर चाक हवेत फिरतं. वजन सारखं वाटलेलं असेल तर शून्य दाखवणारच. पण टायरच्या एका भागात पट्टे जाड, तिथे तो कडक. रस्त्यावर गाडीचं वजन आल्यावर प्रत्येक फेरीला तो कडक भाग खालून वर ढकलतो. हवेत ते दिसत नाही. म्हणून रोलर दाबून मोजणारं मशीन लागतं, त्याला रोड फोर्स बॅलन्सर म्हणतात. त्यावरचा आकडा प्रत्येक चाकाचा लिहून मागायचा. "बॅलन्सिंग केलं" एवढी पावती घेऊन येऊ नकोस.
दुसरं, मशीनवर चाक मध्यावर बसलं होतं का याची खात्री. बॅलन्स झाल्यावर चाक सैल करून मशीनच्या दांड्यावर अर्धा फेरा फिरवायचं, पुन्हा कसून पुन्हा मोजायचं. ५ ते १० ग्रॅमपर्यंत फरक चालतो. २५-३० ग्रॅम उडी मारली तर पहिलं बॅलन्सिंगच खोटं. पिकअपच्या रिमला मशीनचा शंकू (चाक मध्यावर धरणारा) शक्यतो आतल्या बाजूने लावायचा, पुढून लावला की चाक तिरकं बसतं.
तिसरं, गाडीवर चाक बसताना. हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) तोंडावर गंज, रंगाचं ढेकूळ, अडकलेला दगड असला तर चाक मिलिमीटरभर तिरकं. वायर ब्रशने साफ करायचं, ग्रीस लावायचं नाही. रिम कंपनीची नसून बाहेरची असेल आणि मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल, तर मध्ये रिंग हवी. ही रिंग नसेल तर चाक फक्त नटांवर मध्यावर येतं, आणि नट क्रम न पाळता कसले की मध्य सरकतो.

*सी-१०१ ताई, २:५१*
आणि हवेचा दाब बघा. वाहतुकीसाठी टायरमध्ये जास्त हवा भरलेली असते, डिलिव्हरीआधी उतरवायची राहून जाते. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे दाब वेगळे असतात. रिकाम्या हौद्यात भरलेल्या गाडीचा दाब ठेवला तर मागचे टायर दगडासारखे, प्रत्येक हादरा केबिनमध्ये. थंड टायरवरच मोजा, ३० किमी चालल्यावर मोजू नका.
गाडी महिनोन्‌महिने एकाच जागी उभी राहिली असेल तर टायरवर सपाट डाग पडतो. साधा डाग २०-३० किमीत गरम होऊन जातो. जो २,३०० किमीनंतरही आहे, तो कायमचा.

*ए-१०४, २:५३*
दाब आणि अलाइनमेंट एकत्रच होतं, एकाच ठिकाणी.

*सी-१०१ ताई, २:५४*
१०४, तुम्ही हे चौथ्यांदा सांगताय. मी कारण दिलं, शिखरही आलं. अलाइनमेंटच्या यंत्रावर यातलं काहीही दिसणार नाही.

*ए-१०४, २:५५*
मी मदतच करत होतो, ताई.

*सी-१०१ ताई, २:५६*
मान्य. 🙏

*बी-६०४, ३:०२*
घरी काय करता येईल?

*ए-४०२ काका, ३:१५*
एक. मागची दोन चाकं पुढे, पुढची मागे. जॅक लावायच्या आधी नट अर्धा फेरा सैल, मग उचलायचं. नट हाताने बसवून चाक हवेत असतानाच समोरासमोरच्या क्रमाने कसायचे, शेवटचं टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने कसणाऱ्या पान्याने), चाक खाली टेकवून, मॅन्युअलमधल्या आकड्याला. ५० ते १०० किमीनंतर पुन्हा कसायचे. थरथर स्टिअरिंगमध्ये आली तर गुन्हेगार मागून पुढे गेला. हा सोपा आणि पक्का पुरावा.
दोन. डायल गेज (मिलिमीटरचे अंश दाखवणारं मापक) मिळालं तर चाक हवेत ठेवून हाताने फिरवायचं. टायरच्या मधल्या पट्ट्यावर चिकटपट्टी गुंडाळून त्यावर टोक टेकवायचं. संपूर्ण चाकाचा वर-खाली फरक (याला रनआउट म्हणतात) साधारण १.५ मिमीपेक्षा जास्त नको. अ‍ॅलॉय रिमचा स्वतःचा, टायर बसतो त्या काठावर, साधारण ०.७५ मिमीपर्यंत.
तीन. चाकाच्या आत वाळलेला चिखल असेल तर आधी धुवून घे. ३० ग्रॅम वजन रिमच्या काठावर असेल तर १०५ ला साडेतीन ते चार किलोचा झटका बसतो, तोही सेकंदाला १२ वेळा. वेग दुप्पट झाला की झटका चौपट.
जॅकवर इंजिन सुरू करून चाकं फिरवायची नाहीत. एक चाक टेकलेलं आणि दुसरं हवेत असलं की गाडी उडी मारू शकते.

*सी-१०१ ताई, ३:२०*
हौद्यात १०० ते १५० किलो, मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर, बांधून ठेवून एक फेरी मारा. थरथर कमी झाली तरी दोष गेला असं नाही, वजनाने बॉडी आणि पाटे शांत होतात, चाक तेच. पण वजनाने वाढली तर पाटे दबून शाफ्टचा अँगल बदलला, मग काकांचा शाफ्ट पुन्हा चर्चेत.

*बी-६०४, ३:२२*
गच्चीवरच्या वॉटरप्रूफिंगची उरलेली वाळूची पोती घेऊ? पाच आहेत, प्रत्येकी साधारण ३० किलो.

*बी-२०३ काकू, ३:२३*
ती पोती सोसायटीची आहेत. आणि परत गच्चीवर न्यायची, पॅसेजमध्ये नाही.

*सेक्रेटरी, ३:२४*
घ्या. लेखी नोंद करा.

*रविवार*

*बी-६०४, संध्याकाळी ६:३०*
अदलाबदल केली. थरथर स्टिअरिंगमध्ये आली! वाळूने फार फरक नाही. जॉब कार्डवर काय लिहू?

*ए-४०२ काका, ६:३८*
"हायवेला व्हायब्रेशन" असं लिहू नकोस, ते "तपासलं, ठीक" लिहून परत देतात. असं लिही:
"रिकामी गाडी, स्टिकरप्रमाणे दाब, सपाट रस्ता. ९५ ते ११० किमीला थरथर, कळस १०५ ला. न्यूट्रललाही राहते, ब्रेकचा संबंध नाही. मोजलेली वारंवारता १२ हर्ट्झ (सेकंदाला १२ वेळा), चाकाच्या फेरीशी जुळते. पुढची-मागची चाकं बदलल्यावर थरथर सीटमधून स्टिअरिंगमध्ये आली. चारही चाकांचा रोड फोर्स आकडा व रनआउट मिलिमीटरमध्ये जॉब कार्डवर नोंदवावा. तंत्रज्ञाने मालकासोबत १०५ ला चाचणी घ्यावी."
ते टाळाटाळ करायला लागले तर म्हण, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीची चार चाकं बसवून एक फेरी मारू. थरथर गेली तर वाद संपला.

*सी-१०१ ताई, ६:४२*
रनआउट जास्त आला तर लगेच टायर बदलू देऊ नका. आधी टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजायला सांगा. टायरचा उंच भाग रिमच्या खोलगट भागावर आला की अनेकदा दोघे एकमेकांना भरून काढतात. टायरवर लाल ठिपका असेल तर तो बहुतेक कडक भागाची खूण असते, पिवळा हलक्या भागाची, तो व्हॉल्व्हजवळ ठेवतात. दोन्ही ठिपके असतील तर लाल आधी.

*बुधवार*

*बी-६०४, रात्री ८:०५*
आकडे आले. आधी मागच्या डाव्या जागी असलेल्या चाकाचा रनआउट १.९ मिमी, त्याच्या रिमचा ०.४. बाकी तीन चाकं १ च्या आत. टायर अर्धा फेरा फिरवून १.६. तो टायर वॉरंटीत बदलून दिला, आता ०.७. फेरी मारली: १२ चं शिखर आधीच्या चौथ्या हिश्श्यावर.

*ए-४०२ काका, ८:०९*
उरलेला चौथा हिस्सा सोडू नकोस. बाकी तिघांचे रोड फोर्सचे आकडे मागून घे, चारांतली दोन कमी आकड्यांची चाकं मागे ठेव, कारण सीटला येणारा हादरा मागच्या चाकांचा असतो.

*ए-१०४, ८:१०*
आता नवा टायर बसला, एकदा अलाइनमेंट बघून घ्या.

*सी-१०१ ताई, ८:१२*
चाकांची जागा बदलली आहे, आता हो. कॅम्बर-टो मोजून घ्या.

*बी-२०३ काकू, ८:१३*
६०४, पोती अजून पॅसेजमध्येच आहेत.