किबी नो माकिबी शोभेचा पंडित होता? अजिबात नाही

दख्खनचा_वाचक: काल इथे एकाने ठोकून दिलं की जपानच्या नारा काळातले (आठवं शतक) कन्फ्युशियन पंडित म्हणजे दरबारातले शोभेचे कारकून, सत्ता सगळी फुजिवारा या बड्या सरदार घराण्याची, पुस्तकं वाचून कोणाचं भलं झालं नाही. वाचून डोकंच फिरलं. माकिबीचं काय मग? बाप पहाऱ्याच्या पथकातला छोटा अधिकारी, घराणं किबी प्रांतातलं, राजधानीत वजन शून्य. ७१७ मध्ये तांगला, म्हणजे तेव्हाच्या चीनला गेला आणि ७३५ मध्ये परतला तो राज्यविधींचा १३० खंडांचा ग्रंथ, नवी पंचांगपद्धत, सावली मोजायची लोखंडी पट्टी, वाद्यं, धनुष्यं असं सगळं घेऊन. मग राजकन्या आबेला हान वंशाचा इतिहास शिकवला, तीच पुढे सम्राज्ञी झाली आणि ७६६ मध्ये हा उजवा मंत्री, म्हणजे दरबारातल्या सगळ्यात वरच्या पदांपैकी एकावर. शोभेचा माणूस इथवर पोचतो?

खडूस_काका: एक माकिबी दाखवून बाकीच्यांचे हाल झाकू नका. कायदा बघा ना जरा, दर्जाचा आकडा जितका लहान तितका मान मोठा. पहिल्या दर्जाच्या सरदाराचा वारस २१ व्या वर्षी बापाच्या पुण्याईवर थेट पाचव्या दर्जात, आणि विद्यापीठात हाडं झिजवून सगळ्यात अवघड परीक्षा पहिल्या श्रेणीत पास झालेल्याला काय, तर आठवा दर्जा! आणि माकिबी वर गेला कधी? ७३७ च्या देवीच्या साथीत चारही फुजिवारा भाऊ गेले तेव्हा. जागा रिकाम्या झाल्या म्हणून पंडित आठवले.

दख्खनचा_वाचक: रिकाम्या झाल्या तरी भरायला लायक माणूस लागतोच की. ७४० मध्ये फुजिवारांच्याच हिरोत्सुगुने दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावर बंड केलं तेव्हा मागणी काय होती? माकिबीला आणि भिक्षू गेन्बोला हाकला. शोभेच्या माणसाला हाकलायला कोणी फौज उभी करतं का?

बदलीवाल्याची_लेक: पुढचं का नाही सांगत? ७५० मध्ये त्याची स्वतःची विद्यार्थिनी गादीवर असताना फुजिवारा नाकामारोच्या दबदब्यात त्याला राजधानीपासून दूर क्यूशूतल्या चिकुझेन प्रांतात (आजच्या फुकुओकाकडे) पाठवलं, मग शेजारच्या हिझेनला. माझ्या बाबांनी एका बिलावर सही नाकारली म्हणून त्यांना असंच आडबाजूला टाकलं होतं, आई आम्हा भावंडांना घेऊन एकटी राहिली, आजीच्या आजारपणात बाबा पोचू शकले नाहीत. त्यामुळे असल्या बदल्यांना कोणी बढती म्हणायला लागलं की मला सहन होत नाही.

फुकुओकाकर: बढती कोणीच म्हणत नाहीये, शिक्षाच होती. पण वाया गेली नाही एवढंच म्हणतो. मी राहतो त्याच भागात त्याने इतो किल्ल्याचं काम ७५६ मध्ये सुरू केलं, त्याआधी उपराजदूत म्हणून तांगला दुसरी फेरीही झाली होती. ७६० मध्ये राजधानीतून त्याच्याकडे माणसं पाठवली, सुन त्झू आणि झुगे लियांग या चिनी रणनीतिज्ञांचं युद्धशास्त्र आणि व्यूहरचना शिकायला! मग ७६४ मध्ये नाकामारोने बंड केलं तेव्हा डावपेच कोणी आखले? सत्तरीला आलेल्या माकिबीने, आणि नाकामारो काही दिवसांतच राजधानीजवळच्या ओमी प्रांतात मारला गेला.

बदलीवाल्याची_लेक: म्हणजे शेवटी न्याय झाला, असंच ना? अहो पंचावन्नाव्या वर्षी बाहेर काढलेला माणूस एकोणसत्तराव्या वर्षी परत येतो, मधली चौदा वर्षं कोण भरून देणार? आणि पुढच्या काळातल्या मिचिझाने या पंडित-मंत्र्याला तर तेही मिळालं नाही, ९०१ मध्ये क्यूशूतल्या दाझाइफूला हद्दपार करून धाडलं आणि ९०३ मध्ये तो तिथेच गेला. नंतर राजवाड्यावर वीज पडली, त्याच्याच आत्म्याचा कोप म्हणून सगळे घाबरले, त्याची देवळं बांधली. जिवंतपणी घरी येऊ दिलं असतं तर बिघडलं असतं का कोणाचं?

फुकुओकाकर: दरवेळी घरच्या गोष्टीवर आणलंत तर इतिहासावर बोलायचं तरी कसं?

बदलीवाल्याची_लेक: घरं नसतात का इतिहासातल्या माणसांना? मिचिझानेच्या मुलांनाही वेगवेगळ्या ठिकाणी हद्दपार केलं होतं, ते तर इतिहासातच आहे ना!

खडूस_काका: मिचिझाने निघालाच आहे तर हेही घ्या. माकिबीनंतर असा पंडित उजवा मंत्री व्हायला ८९९ साल उजाडलं. मधल्या १३३ वर्षांत काय जपानात कोणी शिकलंच नाही? दार बंद होतं, दुसरं काय.

दख्खनचा_वाचक: बरं, परीक्षा देऊन वर चढायची शिडी नव्हती, घ्या हे तुम्हाला. पण कारकून हे मी ऐकून घेणार नाही. ७७० मध्ये सम्राज्ञी गेल्यावर म्हाताऱ्याने निवृत्ती मागितली तर नव्या सम्राटाने फक्त रक्षकदलाचं सेनापतीपद सोडू दिलं, मंत्रिपद ठेवायला लावलं. ७७१ मध्ये पुन्हा अर्ज केला तेव्हा कुठे सुटका झाली.

खडूस_काका: ठीक आहे, माकिबी कारकून नव्हता. पण त्या आठव्या दर्जाचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.