स्क्लेरोडर्मात कातडी ताठ झाली म्हणून स्टेरॉइड द्यावं का?

म्हापसेकर: डिचोलीच्या आमच्या आत्याला सिस्टेमिक स्क्लेरोसिस, म्हणजे आतल्या अवयवांनाही धरू शकणारा स्क्लेरोडर्मा आहे. कातडी बोटांपासून दंडापर्यंत ताठ. एका डॉक्टरांनी रोज ३० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केलंय. माझा विरोध आहे. कातडी जाड होते ती साचलेल्या कोलॅजन या चिवट प्रथिनामुळे, आणि ते स्टेरॉइडनं विरघळत नाही. उलट दिवसाला १५ मिलिग्रॅमच्या वर गेलं की रीनल क्रायसिसचा धोका वाढतो, हे १९९८ पासून छापून आलेलं आहे. बीपी एकदम चढतं, किडन्या बसतात. आजार दंडापर्यंत पसरलेला आणि नवा असेल तर धोका मुळातच जास्त.

सत्तरीची सुलू: भाई, आजार तुमच्या अंगावर नाही ना! माझी कातडी सुरुवातीला ताठ नव्हती, फुगलेली होती. खाजेनं रात्रभर डोळ्याला डोळा नाही, हातात तांब्या धरवत नव्हता. साडेसात मिलिग्रॅमवर थोड्याच दिवसांत मूठ वळायला लागली. हे काय मनाचे खेळ?

फोंड्याचा फार्मासिस्ट: खेळ नव्हेत, सुलूताई. ती सूज होती, तिच्यावर स्टेरॉइड चालतं. पण पसरलेल्या प्रकारात ताठ कातडी काही वर्षांनी पुष्कळदा आपणहून सैल होते आणि श्रेय मात्र गोळीला मिळतं. डॉक्टर १७ जागी कातडी चिमटीत धरून ० ते ३ गुण देतात, एकूण ५१ पैकी. आधीची बेरीजच नसेल तर औषध लागू पडलं हे ठरवायचं कशावरून? कातडीसाठी मेथोट्रेक्सेट, मायकोफिनोलेट, रिटुक्सिमॅब ही प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं आहेत की.

सत्तरीची सुलू: मायकोफिनोलेटचा महिन्याचा खर्च धरलात? त्याचा गुण यायला कित्येक महिने. तोवर खाजवत बसायचं?

म्हापसेकर: तोवर १० च्या आत, ठरावीक मुदतीपुरतं, एवढं मान्य. ३० नाही म्हणजे नाही. आत्याच्या गोळ्या उद्यापासून बंदच करतो.

फोंड्याचा फार्मासिस्ट: अहो, अजिबात नको! स्टेरॉइड एकदम तोडलं तर माणूस कोसळू शकतो. डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवायचं. तोवर घरी रोज बीपी मोजून वहीत लिहा. ते अचानक चढलं, डोकं ठणकलं, धूसर दिसलं, लघवी कमी झाली, तर मध्यरात्रीसुद्धा गाडी काढून थेट बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल. कॅप्टोप्रिलच्या जातीची बीपीची औषधं वेळेत मिळाली तर किडनी वाचू शकते. मात्र खबरदारी म्हणून ती आधीपासून घेण्यात फायदा नाही.

सत्तरीची सुलू: वहीचं पटलं, सरसकट बंदीचं नाही. भाई, आत्याची बोटं अजून फुगलेली आहेत की सुकून ताठ झालीत? ते आधी सांगा, मग डोसावरून भांडू.