बांद्याचं लायसन पेडण्यात चालत नाय काय?

मी बांद्याचो वायरमन. महाराष्ट्राचं परमिट, १४ वर्षं काम. पत्रादेवीची हद्द ओलांडून गोव्यात, पेडण्यात मेव्हण्याच्या घराचं वायरिंग केलं, तर तिथले वीजवाले माझा टेस्ट रिपोर्ट (वायरिंग तपासल्याचा कागद) घेईनात. गाडीचं लायसन मात्र देशभर चालतं!

सावंतवाडीकर: दादा, विजेचे २०२३ चे सुरक्षा नियमही केंद्राचेच. पण त्यांत कंत्राटदार राज्य सरकारचा परवानाधारक लागतो, आणि कामगाराचं परमिट राज्याने दिलेलं किंवा मान्य केलेलं. गोव्याचा कंत्राटदार गाठा, रिपोर्ट तो देईल.

वेंगुर्लेकर: पण आधी विचारा, तुमचं परमिट तिथे मान्य आहे का. भिंती बुजवल्यावर कोण सही करणार?

बांदेकर: बुजवून झाल्या हो! प्लास्टरसुद्धा सुकलं. आता मेव्हणा फोन उचलत नाय.