घड्याळाचा चामडी पट्टा मशीनवर नीट शिवला जात नाही, मदत हवी आहे (तातडीचं)

मुठाकाठ
नमस्कार मंडळी. घड्याळाचे चामडी पट्टे शिवतोय. मधल्या भागात टीप छान पडते, पण टोकाशी आलं की पट्टा पुढे सरकतच नाही. एकाच जागी टाक्यावर टाके पडतात आणि खाली दोऱ्याचा गुंता होतो. टोकाच्या वळणावर टीप कडेबाहेर जाते ते वेगळंच. दोऱ्याचं टेन्शन (ताण) कमीजास्त करून झालं, सुई नवीन घातली, तेल दिलं. शनिवारी माल द्यायचाय. यातलं कुणी जाणकार असेल तर लवकर सांगा. नवीन मशीन घ्या असं कृपया सांगू नका, आत्ता ते शक्य नाही.

शिवणवर्ग
मशीन कोणतं? चामडं किती जाड, किती थर? सुई कितीची, दोरा कसला? फोटो टाका, वरच्या आणि खालच्या दोन्ही बाजूंचा. गुंता खाली दिसतोय म्हणजे बऱ्याचदा वरच्या दोऱ्याची भानगड असते. पण एवढ्यावरून नक्की काही सांगता येणार नाही.

औंधकर
नको म्हणालात तरी सांगतो. सपाट टेबलाच्या मशीनवर या कामात वेळ फुकट जातो. वॉकिंग फूटचं मशीन बघा, त्यातही दंडगोल बेडचं, म्हणजे सपाट टेबलाऐवजी नळीसारखा अरुंद हात असलेलं. घरच्या मशीनमध्ये माल फक्त खालचे दाते ओढतात, त्यामुळे वरचा थर मागे राहतो. वॉकिंग फूटमध्ये माल वरून दाबून धरणारा फूटही चालतो, आणि काही मशीनमध्ये सुईसुद्धा मालाबरोबर पुढे जाते. जुनी मशीनंही विकायला येतात. एकदा खर्च होईल, पण कटकट संपेल.

मुठाकाठ
औंधकर, शनिवारपर्यंत ते होणार आहे का?
शिवणवर्ग, साधं उषाचं मशीन आहे, मोटर लावलेलं. चामडं मऊ आहे, दोन थर. दोरा जाडसर.

शिवणवर्ग
मऊ चामडं अर्ध्या मिलीमीटरचंही असतं आणि दोनचंही. माप सांगा. सुईचा नंबर अजून नाही सांगितलात.

दोनसुया
पट्टा हातानेच शिवा. दोन सुया, एक दोरा, दोन्हीकडून एकाच भोकातून. या शिवणीतला एखादा टाका तुटला तरी बाकीची शिवण टिकते, कारण प्रत्येक भोकात दोऱ्याची दोन टोकं एकमेकांना ओलांडून गेलेली असतात. मशीनच्या टिपेत वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा एकमेकांत फक्त अडकलेले असतात, एक झिजला की उसवायला सुरुवात. घड्याळाचा पट्टा रोज वाकतो, घामात भिजतो. त्याला मशीनची टीप लावणं मला पटत नाही.

औंधकर
दुकानात मिळणारे बहुतेक पट्टे मशीनवरच शिवलेले असतात आणि वर्षानुवर्षं चालतात. पॉलिएस्टरचा चांगला दोरा असेल तर काही उसवत नाही. माणसाला शनिवारी माल द्यायचाय, हाताने एका पट्ट्याला किती वेळ जातो ते तुम्हालाही माहीत आहे.

दोनसुया
वेळ जातो, मान्य. पण कोल्हापुरी घ्या. तळाची शिवण हाताने, चामड्याच्याच वादीने, खिळा नाही. म्हणून टिकते. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही.

कृष्णाकाठ
मानांकनाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते, ते एकट्या कोल्हापूरला नाही. आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. आमच्या भागातल्या कारागिरांचं नाव कुणी घेत नाही, याचं वाईट वाटतं.

पर्वतीपायथा
पावसाळ्यात चामड्यावर बुरशी येते, तिचीही काळजी घ्या. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका, हवा लागू द्या. बुरशी आलीच तर कोरड्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा, उन्हात नको, चामडं कडक होतं.

मुठाकाठ
बुरशी नाही आली. शिवण बिघडतेय.
मापं: वरचं चामडं १.२ मिमी, अस्तर ०.८. पट्टा घड्याळाकडे २० मिमी, बकलकडे १८. टीप कडेपासून अडीच मिमी आत हवी. सुई १६ नंबर, कापडाची. दोरा जीन्सचा. टाका मशीनवर मावेल तेवढा बारीक ठेवलाय, नाजूक दिसावा म्हणून.

चर्मकाम_भवानी
आता सगळं कळलं. बॅगांच्या कारखान्यात आयुष्य गेलं माझं, म्हणून अधिकाराने सांगतो.

आधी टाका मोठा करा. चामड्याला पडलेलं भोक बुजत नाही. टाके बारीक घेतले तर भोकांची रांग होऊन वहीचं पान फाटावं तसं चामडं त्या रेषेवर फाटतं. तीन ते साडेतीन मिमी ठेवा, म्हणजे इंचाला साधारण आठ.

सुई चामड्याची घ्या. तिचं टोक पाचरीसारखं असतं, ते कापत जातं. जीन्सच्या दोऱ्याला १६ नंबर अरुंद पडतो, दोरा भोकात घासतो आणि टाके सुटतात. १८ घाला. दुकानात घरगुती मशीनची म्हणून सांगा, हिचा दांडा एका बाजूने चपटा असतो. कारखान्याच्या मशीनची गोल दांड्याची येते, ती तुम्हाला बसणार नाही.

आता टोकाचं दुखणं. पट्टा मापाला कापून मग शिवताय ना? टोकाशी आलात की दात्यांच्या खाली चामडंच उरत नाही, मग ओढणार काय? वरचा थर मापात कापा, पण अस्तर चारी बाजूंनी बोटभर मोठं ठेवा. दोन्ही चिकटवा, पूर्ण वाळू द्या, नाहीतर सुईला गोंद लागतो. मग शिवा. दात्यांना सगळीकडे धरायला अस्तर मिळतं आणि टीप मारायला वरच्या थराची कड समोर दिसते. जास्तीचं अस्तर शिवून झाल्यावर धारदार पातीने कापायचं. आमच्याकडे अरुंद काम असंच व्हायचं.

शिवणवर्ग
काका, यात एक अडचण येते. फुटाचा एक पाय १.२ मिमीच्या थरावर आणि दुसरा बाहेर अस्तरावर, म्हणजे फूट कलणार आणि टीप बाहेर घसरणार. त्याला दोन उपाय: त्याच चामड्याची पट्टी बाहेरच्या पायाखाली कडेला टेकवून ठेवायची, किंवा चेनचा फूट लावायचा, एकाच बाजूला पाय असलेला. माझा अनुभव चेनच्या फुटाचा चांगला आहे.

चर्मकाम_भवानी
बरोबर बोललात ताई. फक्त चेनचा फूट बारीक असल्याने चामड्यावर वळ उठतात. मऊ मालाला पट्टीच बरी.

शिवणवर्ग
दाब कमी केला तर वळ उठत नाहीत. वरचा स्क्रू सैल करायचा.

चर्मकाम_भवानी
दाब फार कमी केला की चामडं सुईबरोबर वर उचललं जातं आणि टाका सुटतो. थोडाच सैल करा.

मुठाकाठ, आणखी ऐका. सुरुवात टोकावर करू नका. बकलकडे जिथे पट्टा दुमडून झाकला जातो तिथून करा. पहिले दोन-तीन टाके पडेपर्यंत दोन्ही दोऱ्यांची शेपटं मागे धरून ठेवा, निम्मा गुंता तिथेच थांबेल. वळणावर मोटर बंद. चाक हाताने फिरवा. सुई खाली चामड्यात, फूट वर, पट्टा थोडा फिरवा, फूट खाली, एक टाका. उलटी टीप मारू नका, भोकं दुप्पट होतात. दोन्ही दोरे मागच्या बाजूला ओढून गाठ मारा, दोरा पॉलिएस्टरचा असेल तर टोक लायटरने जरासं वितळवून दाबा.

दोनसुया
शेवटचे चार टाके तरी हाताने घ्या, गाठ दिसणार नाही.

मुठाकाठ
काका, मनापासून आभार. सुई कुठे मिळेल? आजच जातो.

कृष्णाकाठ
पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीच्या आसपास विचारा. गाडी मंडईच्या पार्किंगला लावून चालत जा.

मुठाकाठ
अपडेट देतो. १८ ची चामड्याची सुई, मोठा टाका, मोठं अस्तर आणि बाजूला पट्टी, एवढं केलं. टोकाचं वळण अखंड गेलं, गुंता नाही. पण अस्तरावर दात्यांचे ठसे उमटतात, आणि ती बाजू मनगटाला लागते. ते कसं घालवू?

शिवणवर्ग
अस्तराखाली पातळ कागद ठेवून शिवा, ट्रेसिंग पेपर चालेल. शिवून झालं की टिपेवरून फाडून काढा. टाक्यात अडकलेले कण चिमट्याने निघतात.

औंधकर
कागदाचे तुकडे टाक्यात राहिले तर वाईट दिसतं. दात्यांना धार असेल तर बारीक पॉलिश पेपरने नुसती धार मारून घ्या.

चर्मकाम_भवानी
दात्यांना हात लावू नका. त्याच मशीनवर उद्या कापड शिवायचं असेल तर पकड जाईल. कागद ठेवा.

नवी_सदस्य
हेच सगळं रेक्झिनच्या पाऊचला चालेल का? माझा फूट चिकटतो.

शिवणवर्ग
रेक्झिनला टेफ्लॉनचा फूट लावा, नाहीतर टिपेच्या रेषेवर थोडी टाल्कम पावडर. पाऊच केवढा आहे, आणि मशीन कोणतं?