एम.एस्सी. झाली, आता बी.एड. करून टाक : सोलापुरातल्या विज्ञानाच्या मुलींचं काय करायचं?

रसायनशाळा (धागा सुरू करणारी)

मी इथल्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. माझी एक विद्यार्थिनी होती. ब्युरेटच्या, म्हणजे थेंब मोजून सोडायच्या काचेच्या नळीच्या, तोटीवर तिचं बोट असं बसायचं की फिनॉल्फ्थॅलिन या रंगसूचकाची फिकट गुलाबी छटा उमटली रे उमटली की त्याच थेंबावर हात थांबायचा. तिन्ही रीडिंगं जुळलेली. आई विड्या वळते, वडील टॉवेलच्या कारखान्यात. एम.एस्सी. पहिल्या वर्गात पास झाली आणि घरून निघालं, आता बी.एड. करून टाक, तोवर आम्ही स्थळं बघतो. अशा मुली दरवर्षी बघते आणि जीव तुटतो.

माझं म्हणणं एवढंच, की आपल्याकडे मुलीच्या पुढच्या वाटेचा विचार एम.एस्सी.नंतर सुरू होतो आणि तोवर निम्मे दरवाजे बंद झालेले असतात. आयआयटीत एम.एस्सी. करायची तर जॅम ही परीक्षा बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षात, फेब्रुवारीत असते. अर्ज त्याच्या कितीतरी आधी भरायचा. म्हणजे अभ्यास दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीतच सुरू व्हायला हवा. सीएसआयआरची नेट ही संशोधन आणि प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा वर्षातून दोनदा होते, एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात असतानाही देता येते. तिच्यातून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. पीएच.डी. करताना सरकार पैसे देतं, हे कित्येक आईवडिलांना माहीतच नसतं. त्यांना वाटतं, अजून पाच वर्षं फी भरायची.

म्हणून बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातच, घरच्यांना समोर बसवून, तारखांसकट पुढचं ठरवलं पाहिजे. मतं सांगा. विरोधातली असतील तर जरूर सांगा.

होटगी रोड

मॅडम, मी एका मुलीचा बाप आहे, आणि तुमचं लिहिणं मला एकतर्फी वाटलं. बी.एड.ला एवढं कमी का लेखता? जेआरएफ किती जणींना मिळते हो? न मिळालेल्यांचं काय, ते कुणी लिहीत नाही. माझी पुतणी पीएच.डी. झाली. आज तासिका तत्त्वावर शिकवते. तास झाले तर पैसे, सुट्टी लागली की ते बंद, आणि दरवर्षी जूनमध्ये नव्याने मुलाखत. तिच्या वयाला तिची मैत्रीण शाळेत कायम आहे, घराचा हप्ता भरते. आम्ही मुलींना मागे ओढत नाही, त्यांच्या पायाखाली जमीन असावी एवढंच बघतो.

रसायनशाळा

दादा, पुतणीचं जे सांगितलंत ते शंभर टक्के खरं. असे सहकारी माझ्या शेजारच्या टेबलावर बसतात. पण बी.एड.ची वाट तरी कुठे पक्की आहे? शिक्षक भरतीची टेट ही परीक्षा पहिल्यांदा २०१७ मध्ये झाली, दुसऱ्यांदा थेट २०२३ मध्ये. मधल्या वर्षांत बी.एड. झालेल्या मुली खासगी शाळांत किंवा क्लासमध्ये किती पगारावर राबल्या, जरा विचारून बघा. जिला शिकवायची ओढ आहे तिने बी.एड. जरूर करावं, आपल्या शाळांना विज्ञानाच्या चांगल्या बाई हव्याच आहेत. पण दोन्हीकडे धोका असेल तर मुलीचा हात जिथे चालतो तिकडचा धोका आधी का पत्करू नये?

चिंचोळी एमआयडीसी

तुम्ही दोघंही शिकवण्याच्या पलीकडे जाईनात म्हणून लिहिते. मी एम.एस्सी. करून औषधाच्या कंपनीत गुणवत्ता तपासणीत आहे. दिवसभर एचपीएलसी (औषधातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र), सॅम्पल, आणि प्रत्येक आकड्यामागे सहीतारखेचा कागद. ऑडिटला माणूस आला की आदल्या वर्षीचा क्रोमॅटोग्राम, म्हणजे त्या यंत्राचा आलेख, काढून दाखवावा लागतो. मला हे काम मनापासून आवडतं. पीएच.डी. नको होती आणि त्याचं वाईटही वाटत नाही.

मॅडमशी माझं जमत नाही ते इथे. एकोणिसाव्या वर्षी तारखांसकट आराखडा कसा करणार, जेव्हा कारखाना आतून कसा असतो हेच मुलीने पाहिलेलं नसतं? आधी सुट्टीत महिनाभर एखाद्या लॅबमध्ये पाठवा. तपासणीतून गुणवत्ता हमीकडे, तिथून परवान्यांची कागदपत्रं सांभाळणाऱ्या विभागाकडे जाता येतं, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं.

आणि कंपनीत सगळं गोड नाही. माझ्या आधीच्या ठिकाणी शिफ्ट इन्चार्जचं पद मला डावलून दिलं गेलं, कारण काय तर रात्रपाळीला बाई नको. गाडीची सोय करा, मी येते, असं लेखी दिलं होतं. उत्तर आलं नाही.

विजापूर वेस

शेवटचा परिच्छेद मॅडमनी पुन्हा वाचावा. या बाईंचं नियोजन कुठे चुकलं होतं? काहीच नाही. तरी अडलं.

मला या करिअर नियोजनाच्या भाषेचाच राग येतो. सगळं ओझं मुलीच्या डोक्यावर. जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, दोघेही बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले. याहून चांगली तयारी कोणाची असणार? तरी १९३३ मध्ये त्याच संस्थेत सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला, आणि सोहोनींनी हट्ट धरल्यावर वर्षभर पारखून बघायच्या अटीवर घेतलं. पुढे सोहोनींनीच १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. आजही देशात विज्ञानाच्या पदवीधरांत मुली निम्म्याच्या आसपास आहेत आणि संशोधकांत पाचात एकही भरत नाही. मधल्या सगळ्या जणी तारखा विसरल्या म्हणून गळाल्या काय? बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपसाठी पोरापोरींना आंदोलनाला बसावं लागतं. आधी प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा भरा, फेलोशिप वेळेवर द्या, पाळणाघरं काढा. मग मुलींना आराखडे करायला सांगा.

रसायनशाळा

मागण्या सगळ्या मान्य, निवेदनावर माझी सही धरा. पण जागा भरल्या जाईपर्यंत माझ्यासमोरची मुलगी दुसऱ्या वर्षातून तिसऱ्यात जाते. तिला मी काय सांगू, थांब म्हणून? सोहोनींना निदान दार कुठे आहे ते माहीत होतं, म्हणून ते ठोठावता आलं. अक्कलकोट, मोहोळहून एसटीने येणाऱ्या मुलीला दाराचा पत्ताच कुणी दिलेला नाही. चिंचोळीच्या ताईंची सुट्टीतली लॅब मात्र मला पटली. ती आराखड्यात सगळ्यात आधी यायला हवी.

मृग बहार

मी वनस्पतिशास्त्राची. मुलं लहान असताना काही वर्षं घरीच होते, आणि परत येताना सगळ्यात जास्त अडवलं ते लोकांच्या तोंडच्या 'आता कुठे' ने. ज्यांच्या कामात खंड पडलाय त्यांच्यासाठी केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या वाइज-किरण योजना आहेत. त्यातल्या एकीत बौद्धिक संपदेचं वर्षभराचं प्रशिक्षण विद्यावेतनासह मिळतं. विज्ञानाची पदवी असली की पेटंट एजंटची परीक्षा देता येते, आणि मसुदे लिहिण्याचं बरंचसं काम सोलापुरात बसून होतं. पीएच.डी. चालू असेल तर यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार बाईला मुदतीत दोन वर्षं जास्त मिळतात, शिवाय प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. गाइडला हा नियम छापून दाखवायची वेळ आली तर दाखवा, लाजू नका.

आणि प्रत्येक वेळी पुणंच कशाला? केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, २००५ पासून. तेल्या रोगाने बागेच्या बागा उपटलेले शेतकरी आपल्याच जिल्ह्यात आहेत. वनस्पतिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्राच्या मुलीला याहून जवळचा प्रश्न कुठे मिळणार?

होटगी रोड

वाचतोय सगळं. माझी मुलगी सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, आधी सांगितलं नव्हतं. जॅममध्ये तिचा विषय दिसत नाही. मग तिने काय द्यायचं?

रसायनशाळा

जॅममध्ये बायोटेक्नॉलॉजीचा पेपर असतो, तो देता येईल. त्याखेरीज बायोटेक्नॉलॉजीच्या एम.एस्सी.साठी गॅट-बी ही प्रवेश परीक्षा आहे. पुढे नेटला लाइफ सायन्सेस. तिला गणित आणि रसायन कितपत जमतं त्यावर तयारी अवलंबून आहे, जॅमच्या त्या पेपरात दोन्ही असतात. व्यक्तिगत निरोप पाठवते, दोघंही या.

विजापूर वेस

गणित कच्चं असेल तर कोचिंगची फी कोण भरणार, तेही त्याच बैठकीत बोला.

होटगी रोड

ते मी बघतो. शनिवारी दुपारी येतो मुलीला घेऊन. पण बी.एड.चा विषय मी बंद केलेला नाही, हे मॅडमसमोर आणि तिच्यासमोरही बोलणार आहे. काय करायचं ते तिला दोन्ही ऐकून ठरवू दे.